मी रांग गप्प केली

मी घाबरट माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. चंद्रपुरात कोटाच्या आत आमचं घर होतं. शाळेतून येताना गेटच्या कमानीखालून एकट्याने यायचीसुद्धा मला भीती वाटायची, कारण वर वटवाघळं लटकलेली असत. अशा माणसाला नोकरी लागली ती जंगल खात्यात. वनरक्षकाची, म्हणजे आमच्या बोलीत नाकेदाराची. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. माझी बीट, म्हणजे माझ्या राखणीचा जंगलाचा भाग, त्या जिल्ह्यात, बस जिथे थांबते तिथून पुढे सायकलने दोन तासांवर होती.

घरात खाकी घालणारा मी पहिलाच. बापाने आयुष्यभर लाकडाच्या टालावर हमाली केली. निघताना त्याने मला वाघाबिघाबद्दल काही सांगितलं नाही. "लिवण्यात चूक नोको करू," एवढंच म्हणाला, "आपल्या माणसाची चूक लवकर दिसते." छप्पनच्या दीक्षेनंतर शाळेत गेलेली आमची पिढी. त्या वाक्याचा अर्थ मला फोड करून सांगायची गरज नव्हती. त्यामुळे जंगलात शिरताना मला दोन गोष्टींची भीती होती, जनावराची आणि रजिस्टरची. रजिस्टरची जास्त.

काम झाडं मोजायचं. जंगलाचा जो तुकडा पुढच्या वर्षी तोडायचा, त्याला कूप म्हणतात. त्या कुपात आठ माणसं एकमेकांपासून वीस-पंचवीस पावलांवर आडव्या रांगेत उभी राहायची आणि एकाच दिशेने चालू लागायची. वाटेत झाड आलं की छातीच्या उंचीवर टेप लावून घेर मोजायचा आणि ओरडून सांगायचं, "साग, नव्वद!" मी रांगेच्या मागे, मधोमध, रजिस्टर घेऊन चालायचो. ऐकलेलं तसंच ओरडून परत म्हणायचो आणि लिहायचो. माझ्या मागून दोन बाया गेरूचे डबे घेऊन यायच्या आणि मोजलेल्या झाडाला लाल पट्टा मारायच्या. बांबूची बेटं इतकी दाट होती की शेजारचा माणूस दिसायचा नाही. दिवसभर नुसते आवाज.

मजुरांचा मेट, म्हणजे त्यांचा पुढारी, जवळच्याच जंगलगावचा साठीचा गोंड माणूस होता. मी त्याला भाऊ म्हणायचो. पहिल्या दिवशी सकाळी त्याने सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि मोजणीचे टेप वाटायच्या आधी नाती वाटली. मी बघतच राहिलो.

"तू याचा साळा. तू त्याचा भाटवा. तुम्ही दोघं समधी." भाटवा म्हणजे बहिणीचा नवरा, समधी म्हणजे व्याही. गेरूवाल्या दोघींपैकी थोरली, चाळिशीची, फटकळ बाई होती. तिला तो म्हणाला, "आन् तू माही साळी."

"अशा बुढ्याची साळी कोण होते?" ती म्हणाली, आणि काम सुरू झालं.

ती नाती खरी नव्हती, मोजणी संपेपर्यंतची होती. पण नियम पक्का होता. ज्याच्याशी तुमचं नातं लागलं, त्याची दिवसभर मस्करी करायची. त्याने पुढचं झाड यायच्या आत उत्तर द्यायचं. नाही दिलं, तर दुपारी सगळ्यांचे पाण्याचे तुंबे नाल्यावरून त्याने भरून आणायचे. मग जंगलात असं चालायचं: "ऐन, एकशे चाळीस! माह्या साळ्याच्या पोटाएवढा!" लगेच तिकडून यायचं, "माह्या बहिणीच्या हातचं खाल्लं गा, तुह्या काऊन पोटात दुखते?" हसण्याची लाट रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायची. झाडंही सुटायची नाहीत. खडबडीत सालीचा ऐन म्हणजे सासरा. गोरागोमटा, गुळगुळीत धावडा म्हणजे नवरदेव.

मला त्यांनी जावई केलं. सगळ्या रांगेचा एकच जावई. "जावईबापू, पाय उचला! झोपले काय? लेक नाई देत मंग!" मेट टोकावरून ओरडायचा. मला उत्तर सुचायचं नाही. तुंबे भरायची शिक्षा मात्र जावयाला माफ होती, आणि त्यावरही एकदा हसून व्हायचं.

मला राग यायचा. सरकारी काम आहे, यांना काही गंभीरपणा आहे की नाही, असं मनात येत राहायचं. खरं सांगायचं तर घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याचं हसणं सहन होत नाही. पाचोळ्यात सरडा पळाला तरी मी उडी मारून मागे सरकायचो आणि ही माणसं वाघाच्या पंजाच्या ठशाशेजारी उभी राहून एकमेकांची सोयरीक काढत होती. मेट नेहमी रांगेचं उजवं टोक घ्यायचा, नाल्याच्या बाजूचं. ते टोक सगळ्यात वाईट. तिथे का जाता, असं मी एकदा विचारलं. "म्हाताऱ्यानं जावं तिथी," तो म्हणाला, "जवानाले बायको आहे."

तीन आठवडे गेले. त्या आवाजांची मला इतकी सवय झाली की कान जे ऐकत तेच हात लिही. आणि एके दिवशी रेंजर साहेब तपासणीला आले.

त्यांनी तिथेच उभ्याउभ्या रजिस्टर उघडलं. पानं उलटता उलटता थांबले. "हे काय आहे?"

मी वाकून बघितलं. माझ्याच स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: नवरदेव, पंच्याऐंशी.

"नवरदेव ही कोणती जात? कोणाचं लग्न लावताय जंगलात?" साहेबांनी लाल पेनने त्या ओळीवर काट मारली. सगळे मजूर ऐकत होते, त्यांच्यादेखत ते म्हणाले, "अजून परमनंट नाही झालात तुम्ही. पुन्हा असं काही सापडलं तर मेमो नाही देणार, सरळ घरी पाठवीन." मला बापाचं वाक्य आठवलं. टाल आठवला. त्याच्या खांद्यावरचा घट्टा आठवला. साहेबांची जीप गेल्यावर मी ती काट मारलेली ओळ पुन्हा वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागण्याआधी मी हुकूम काढला. आजपासून मस्करी बंद. झाडाची जात आणि आकडा, तिसरा शब्द नको. जो बोलेल त्याची हजेरी लागणार नाही.

गेरूवाली बाई मेटकडे बघत होती. मेटने पागोटं नीट केलं आणि म्हणाला, "हाव साहेब."

तीन आठवड्यांत त्याने मला पहिल्यांदाच साहेब म्हटलं होतं. मला बरं वाटलं. हे लिहायला आज लाज वाटते, पण बरं वाटलं होतं.

रांग निघाली. मोह गळायचे दिवस होते, सगळीकडे त्याचा गोड, जड वास पसरला होता. "साग, साठ." "साग, साठ." "धावडा, शंभर." "धावडा, शंभर." मधे काही नाही. पहिल्या अर्ध्या तासात मला कळलं की जंगल किती आवाज करतं. इतके दिवस मी ते ऐकलंच नव्हतं. बांबूवर बांबू घासून कण्हल्यासारखा आवाज येई. पाचोळ्यावर काहीतरी टपकायचं. एक माकड मधेच खाकरायचं आणि गप्प व्हायचं. प्रत्येक आवाजाला माझी मान वळत होती. माणसं आहेत, आठ माणसं पुढे आहेत, असं मी स्वतःला सांगत होतो. पण ज्याच्यासमोर झाड नाही तो बोलत नव्हता, आणि जो बोलत नव्हता तो माझ्यापुरता तिथे नव्हता.

पान मात्र सुरेख उतरलं होतं. एक खाडाखोड नाही. मी ते संपवून उलटलं आणि नवीन पानावर पहिल्या आकड्याची वाट बघत असताना मला जाणवलं की मेटचा आवाज बऱ्याच वेळात आलेला नाही.

झाड नसेल त्याच्या वाटेत, मी स्वतःला म्हटलं. पण उजव्या टोकाला नाला होता, आणि नाल्याच्या काठाने ऐनाची गर्दी होती. तिथून तर सगळ्यात जास्त आकडे यायला हवे होते. मी मागचं पान परत उलटून बघितलं. वरच्या सहा-सात ओळींत ऐन होते. खाली एकही नव्हता.

तेव्हाच हाक मारायला हवी होती. मी मारली नाही. सकाळीच हुकूम काढला होता, तो मीच कसा मोडायचा, असं वाटलं. आणि दुसरं, हाक मारली आणि उत्तर आलं नाही तर? त्या दुसऱ्या गोष्टीची मला जास्त भीती वाटली. मी दोन झाडं थांबलो. "साग, पंचाहत्तर." "बीजा, एकशे दहा." दोन्ही मी ओरडून परत म्हटली आणि लिहिली. ती दोन झाडं माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाहीत.

मागून गेरूवाली बाई जवळ आली. हात कोपरापर्यंत लाल झालेले. "साहेब, एक विचारू?"

"काय?"

"मेट बोलून नाई राह्यला."

"झाड नसेल."

"आवाज देऊ काय?"

ती माझ्याकडे परवानगी मागत होती. एका माणसाला हाक मारायची परवानगी. मी मान हलवली.

तिने डबा खाली ठेवला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडली, "ओ भाटवा! मेला काय गा?"

ही तिची रोजची हाक. रोज तिकडून ठरलेलं उत्तर यायचं, "तुले घेऊनच जाईन, साळे!" आणि रांग हसायची. आम्ही सगळे उभे राहिलो. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली, आणि या खेपेला तिचा आवाज चिरकला. मग नाल्याकडून एक आवाज आला, भात्यातून हवा फेकल्यासारखा, हुफ्, हुफ्, आणि पाठोपाठ बांबू मोडल्याचा.

"अस्वल," कोणीतरी हळूच म्हणालं.

सातही जण काठ्या आपटत, बोंब ठोकत नाल्याकडे धावले. ती बाईही धावली. मी सगळ्यांच्या मागे होतो. मला पळून जायचं होतं. पाय त्या दिशेने जात होते ते केवळ एकटं मागे राहायची हिंमत नव्हती म्हणून. रजिस्टर मी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

मेट नाल्याच्या उतारावर जांभळीच्या मुळाला टेकून बसला होता. पागोट्याचं कापड त्याने तोंडावर दाबून धरलं होतं. ते पांढरं कापड गेरूत बुडवल्यासारखं झालं होतं. एका बाजूची कातडी कपाळापासून खाली लोंबत होती. तो शुद्धीवर होता. मोजणीचा टेप अजून त्याच्या मनगटाला गुंडाळलेला होता.

अस्वलीण पिल्लांबरोबर दरडीच्या कपारीत झोपली होती. मजुरांनी मला नंतर समजावून सांगितलं. वाघ माणसाचा आवाज ऐकला की दुरूनच बाजूला होतो. अस्वलाची झोप जड, त्याला उठून निघून जायला वेळ द्यावा लागतो. मोठ्याने बोलत, हसत गेलं की ते आधीच निघून जातं. माणूस न बोलता अगदी जवळ पोचला तर ते घाबरतं आणि अंगावर येतं. हे माझं मला पटलं. घाबरल्यावर अंगावर येणं मला माहीत होतं.

बांबूला धोतरं बांधून झोळी केली आणि दीड तास चालून त्याला रस्त्यावर आणलं. एक बांबूचा ट्रक गडचिरोलीकडे निघाला होता. वर बांबूच्या मोळ्यांवर त्याला निजवलं. त्याचं डोकं गेरूवालीच्या मांडीवर होतं आणि मी त्याच्या पायाशी बसलो होतो. ट्रक प्रत्येक खड्ड्यात उसळत होता. बांधलेल्या कापडातून रक्त अजून पाझरत होतं. तो मरणार, असं मला वाटत होतं. तो मेला तर मी काय सांगणार, हेही मला वाटत होतं, आणि या दोन विचारांतला कोणता आधी येत होता ते मी सांगणार नाही.

ती बाई सारखी बोलत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड चालू होतं. "झोपू नोको भाटव्या. आज उत्तर नाई देल्लं तू. तुंबे भराची पाळी तुही हाये, सोडणार नाई मी. ऐकू येते काय? अस्वलीणीले बी साळी केलं काय रे तू?" तो बोलू शकत नव्हता. पण दर दोन-तीन वाक्यांनंतर त्याच्या उजव्या हाताचं एक बोट वर व्हायचं आणि ती पुढचं बोलायची. एकदा बोट वर यायला वेळ लागला. तिने माझ्याकडे बघितलं. "तुमी बी बोला ना, साहेब. माहा घसा बसला."

चोवीस वर्षांचा शिकलेला माणूस मी, आणि मरणाऱ्या माणसाला जागं ठेवायला एक मस्करी मला येईना. शेवटी मी रजिस्टर उघडलं, कारण तेवढंच माझ्या हातात होतं. लाल काट मारलेली ती ओळ काढली आणि मोजणीच्या वेळी ओरडायचो तशी ओरडलो, "नवरदेव, पंच्याऐंशी!"

काही झालं नाही. मी पुन्हा ओरडलो. ट्रकच्या आवाजात माझा आवाज फाटला. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा त्याचं बोट वर आलं. मग गडचिरोलीपर्यंत मी तेच ओरडत राहिलो.

तो वाचला. पुढे चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात दोन महिने होता. उजवा डोळा गेला आणि जबडा वाकडा बसला. वर पाठवलेल्या अहवालात मी लिहिलं की मोजणी चालू असताना अस्वलाने अचानक हल्ला केला. हुकमाबद्दल लिहिलं नाही. मजुरांना विचारलं गेलं, त्यांनीही सांगितलं नाही. त्या वर्षी मी परमनंट झालो. बापाने आळीत पेढे वाटले.

दवाखान्यात मी दर रविवारी जायचो. बोलता यायला लागल्यावर एकदा धीर करून विचारलं, "भाऊ, नाल्यात शिरताना एक आवाज का नाही दिला?"

वाकड्या जबड्यातून शब्द सावकाश आले. "झाड नव्हतं ना साहेब तिथी. काय सांगाचं?"

तो मला टोचून बोलत नव्हता. जे होतं ते सांगत होता.

पुढच्या हंगामात नव्या कुपाची मोजणी लागली आणि तो काठी टेकत आला. टेप धरणं आता त्याला जमणार नव्हतं, पण नाती वाटायला दुसरं कोण होतं? मी रांगेसमोर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, की मागचा हुकूम माझी चूक होती, यंदा बोला, हसा, रजिस्टरचं मी बघून घेईन. त्याने मान डोलावली. एका डोळ्याने एकेकाकडे बघत नाती वाटत गेला. हा साळा, तो भाटवा, ते दोघं समधी. गेरूवालीला म्हणाला, "तू माही साळीच राह्य." ती म्हणाली, "आता तर काणा भाटवा भेटला," आणि रांग खदखदून हसली. मी माझी पाळी यायची वाट बघत होतो. यंदा काय उत्तर द्यायचं तेही घरून ठरवून आलो होतो.

तो माझ्यापाशी आला आणि थांबला. "तुमी नोको, साहेब," तो म्हणाला. आवाजात नुसती काळजी होती. "तुमची नोकरी आहे. आमच्यापायी तुमाले काई होऊ नये."

मी हसलो, काही हरकत नाही म्हणालो. रांग निघाली. पुढे आठ माणसं एकमेकांना हाका मारत, शिव्या देत, उत्तरं देत चालली होती. त्यांतला एक जरी क्षणभर गप्प झाला असता तर दुसऱ्याने लगेच विचारलं असतं, मेला काय गा. मी मागे मधोमध रजिस्टर घेऊन चालत होतो, आकडे परत म्हणत होतो; त्यावर कोणी उत्तर द्यायचं नव्हतं. भीती मागच्या वर्षापेक्षा जास्त वाटत होती. त्या अख्ख्या जंगलात मी एकटाच असा होतो, की जो गप्प झाला असता तर कोणाच्या लक्षात आलं नसतं.